पिशवी गाडीत ठेवा

मार्लिस हौताला हिला लोकांच्या घरात शिरायची सवय होती आणि ती सवय तिला नोकरीनंच लावली होती. तीन वर्षांच्या आतलं मूल बोलण्यात, बघण्यात, हसण्यात मागे पडतंय असं कुणाला वाटलं की जिल्ह्याच्या ऑफिसातून तिला फोन यायचा. मग ती आपली जुनी गाडी काढायची आणि त्या घरी जाऊन मुलाबरोबर खेळायची. खेळ कसला, कामच ते. पण बघणाऱ्याला खेळच वाटायचा. सुपीरियर सरोवराच्या काठानं जंगलात शिरणारा असा एकही रस्ता नव्हता, की ज्याच्या शेवटच्या घरात मार्लिसनं जमिनीवर बसून साबणाचे फुगे उडवले नव्हते. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आता रस्त्यावरचं बर्फ उपसायची यंत्रं चालवत होती, एक तर बँकेत बसत होता, आणि दुकानात समोरासमोर आली तरी ओळख देत नव्हती. देणार कशी? दोन वर्षांचे असताना आपल्या घरी कोण येत होतं हे कुणाच्या बापाला आठवतं? आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं मार्लिस म्हणायची. वाटायचं तिला.

तिचं सगळं बळ एका निळ्या पिशवीत होतं. जाड कापडाची, खांद्याला अडकवायची, तळाला दोनदा ठिगळ लावलेली. तीत साबणाचे फुगे होते, भोवरा होता, किल्ली दिली की टाळ्या वाजवणारं अस्वल होतं, आणि वर गुंडाळून ठेवलेली एक हिरवी चटई. घरात गेल्यावर आधी चटई पसरायची, मग पिशवी उघडायची. मूल कितीही आपल्या नादात असो, पिशवीची चेन वाजली की त्याचं डोकं वळायचंच. तास संपला की सगळं परत आत, चेन बंद, आणि टाटा. आईला ती पहिल्याच दिवशी सांगायची, "तू बस गं, कॉफी घे, जरा पाठ टेक. आता तासभर मी आहे ना." आया बिचाऱ्या रडायच्या बाकी राहायच्या. दिवसात तासभर पाठ टेकायला सांगणारं दुसरं होतंच कोण त्यांना?

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात ब्रिया नावाची नवी साहेबीण आली. वयानं मार्लिसच्या लेकीएवढी. पहिल्याच मीटिंगमध्ये तिनं फर्मान काढलं, की यापुढे पिशव्या गाडीत ठेवा. घरात जे आहे त्यावर काम करा, वाट्या, मोजे, कुत्रा, काय असेल ते. आपण आठवड्यातून तासभर जातो, आई दिवसभर असते. शिकवायचं ते आईला. मार्लिसनं मान डोलावली. मान डोलावणं हे नोकरीतलं पहिलं कसब, ते तिला चांगलं जमायचं. बाहेर आल्यावर ती मनात म्हणाली, हिनं किती पोरांना बोलतं केलंय म्हणे? आणि दुसऱ्या दिवशी पिशवी खांद्याला लावून कामावर गेली.

अडीच वर्षांची टिली केस्टिला ही पोर तिच्याकडे आली ती या पिशवीच्या भर वैभवात.

टिलीचं घर गावाबाहेर, फाट्यावर. घर तिच्या आजोबांचं, रेनोचं. रेनो आणि मार्लिसचा बाप एकेकाळी एकाच टोळीत झाडं तोडायचे, त्यामुळे साठी ओलांडलेल्या मार्लिसला तो अजून 'पोरी' म्हणायचा. त्याचा मुलगा ब्रेंट लाकडाचे ट्रक चालवायचा आणि आठवड्याचे पाच दिवस रस्त्यावर असायचा. ब्रेंटची बायको केंड्रा ही ओहायोची. ती घरीच स्वयंपाकघरात खुर्ची मांडून गावातल्या बायकांचे केस कापायची. बोलायला शांत, हाताला चपळ. टिलीला दूध पाहिजे हे टिलीला कळायच्या आधी केंड्राच्या हातात पेला तयार असायचा. टिलीनं दाराकडे नुसती मान वळवली की केंड्रा तिचे बूट घेऊन हजर. हट्ट नाही, मागणं नाही, रडणं नाही. घरात कशी शांतता होती बघा, तर पोरीला कशासाठी तोंड उघडायची वेळच आली नव्हती.

टिली हाक मारली तर बघायची नाही. जॅमच्या बाटल्यांची झाकणं खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं लावायची, आणि ओळ मोडली की असा टाहो फोडायची की रेनोचा कुत्रा पलंगाखाली शिरायचा. मार्केट नावाच्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी तिला बघून सांगितलं, ऑटिझम आहे. परत येताना दोनशे मैलांत आपण आणि ब्रेंट एक शब्द बोललो नाही, असं केंड्रानं मार्लिसला सांगितलं होतं. वर म्हणाली होती, "घरात न बोलणारी एक होती, त्या दिवशी आम्ही तिघं झालो."

मार्लिसनं चटई पसरली आणि कामाला लागली. पानं गळायच्या दिवसांत सुरुवात झाली, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाच्या भिंती उभ्या राहीपर्यंत टिली चटईवर येऊन बसायला लागली होती. मग एक दिवस मार्लिसनं फुगे उडवले, बाटलीचं झाकण लावलं आणि वाट बघत बसली. टिलीनं बाटलीकडे बघितलं, मार्लिसच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून."

काय आनंद झाला म्हणता. रेनोनं वेलदोड्याचा गोड पाव कापला, कॉफी चढवली, आणि जणू आपणच काहीतरी केलंय अशा थाटात सगळ्यांना वाटला. केंड्रा हसली, मार्लिसला मिठी मारली आणि ओट्याकडे जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली. मार्लिसला त्यात काही वावगं दिसलं नाही. पुढे 'उघड' आलं, 'फुगा' आलं. मार्लिसनं ऑफिसच्या मीटिंगमध्ये हे अगदी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, ब्रियाकडे न बघता. ब्रियानं एवढंच विचारलं, की घरच्यांशी बोलते का? मार्लिस म्हणाली, येईल तेही हळूहळू.

फेब्रुवारीत मार्लिस स्वतःच्याच अंगणात बर्फावरून घसरली आणि मनगट मोडून घेतलं. जन्म बर्फात गेला, पण पडायचं ते पडलीच. काही आठवडे ती घरी बसली. प्लास्टर निघाल्यावर पहिली गेली ती टिलीकडे. दार उघडल्याबरोबर टिली धावत आली, पिशवीला झोंबली, म्हणाली, "उघड." मार्लिसचा जीव सुपाएवढा झाला. एवढ्या दिवसांनी पोर शब्द विसरली नव्हती.

तिनं कौतुकानं वर बघितलं, तर केंड्राच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

ती म्हणाली, "हा महिन्याभरातला तिचा पहिला शब्द, मिस मार्लिस."

आणि मग तिनं सगळं सांगितलं, आवाज न चढवता. मी तुमच्यासारखेच फुगे आणले, अगदी त्याच रंगाच्या बाटलीतले. हिरवा टॉवेल पसरला. तुम्ही करता तसं झाकण लावून बसले. तर टिली उठली आणि दारापाशी जाऊन उभी राहिली, जिथे तुम्ही पिशवी ठेवता तिथे. रोज दुपारी उभी राहायची. फुग्यांकडे बघायचीसुद्धा नाही.

"ती तुमच्या पिशवीशी बोलते," केंड्रा म्हणाली. "माझ्याकडे तिनं आजवर काही मागितलेलं नाही. एकदासुद्धा नाही. एप्रिलमध्ये ती तीन वर्षांची होईल, तुमचं येणं बंद होईल, पिशवी तुमच्याबरोबर जाईल. मग माझ्या घरात काय उरणार?"

मार्लिसला उत्तरं पाठ होती. शाळेचा वर्ग सुरू होईल, बस येईल, तिथेही बाई असतील, एका जागी आलेला शब्द पुढे दुसऱ्या जागी जातो, वेळ लागतो. तिनं ती सगळी दिली. गाडीत बसल्यावर मात्र तिला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं. कारण केंड्रा म्हणाली ते शब्दन्‌शब्द खरं होतं, आणि तेच ब्रियानं दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. खरं ऐकावं लागतंय याचं दुःख होतंच. ब्रियाचं खरं निघावं याचं त्याहून थोडं जास्त होतं.

पुढच्या खेपेला पिशवी गाडीत राहिली.

तो तास आठवला तरी मार्लिसच्या कानात दडे बसायचे. टिलीनं तिचे रिकामे खांदे बघितले, बाहेर धाव घेतली, गाडीच्या काचेतून पिशवी बघितली आणि बर्फात अंग टाकलं. तिला आत आणली. मार्लिसनं वाट्या काढल्या, मोजे काढले, पिठात हात घातले. टिली टेबलाखाली. मार्लिस केंड्राला म्हणाली, तू कर. केंड्रा बिस्किट घेऊन खाली वाकली, आणि टिलीनं हात पुढे करायच्या आतच ते तिच्या हातात देऊन मोकळी झाली. मार्लिस म्हणाली, अगं थांब जरा, मागू दे तिला. केंड्रा म्हणाली, मला बघवत नाही. मग मार्लिसनंच डबा ओढून घेतला. ओढून घेतला आणि तिचं लक्ष खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेलं, कारण केंड्रा गुपचूप उठून तिथे जाऊन बसली होती, कॉफीचा कप घेऊन. अख्खा हिवाळा ती तिथेच बसली होती. बस म्हणून सांगितलं होतं ना तिला.

मार्लिसनं डबा ठेवून दिला. मग तिनं जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. तू आणि टिली, दोघींनाच मजा येते असं दिवसभरात काय असतं?

काहीच नाही, केंड्रा म्हणाली. जेवते, झोपते, झाकणं लावते. थोड्या वेळानं म्हणाली, शनिवारची सौना सोडली तर.

आता सौना काही सांगायची गोष्ट नव्हे. फाट्यावरच्या प्रत्येक घरामागे ती वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली होतीच. शनिवारी दुपारी भट्टी पेटवायची, वरचे दगड तापवायचे, आधी बायकांनी जायचं, मग पुरुषांनी. केंड्रा म्हणाली, टिलीसाठी बेताचीच तापवतो, ती खालच्या फळीवर बसते. मी दगडांवर पळीनं पाणी टाकते, वाफ उठते, आणि ती अशी अंग चोरून हसते, की ब्रेंटला बाहेर ऐकू जातं. किती वेळ बसते, ओरडत नाही, काही नाही. ती वाफ म्हणजे 'लॉयलू', सासऱ्यांच्या जुन्या, फिनलंडच्या भाषेतला शब्द. पाणी टाकताना म्हणायची यांच्याकडे पद्धत आहे, म्हणून मीही म्हणते.

"लोली म्हणते ती," रेनो घरातल्या शेगडीजवळून म्हणाला. "सात वर्षं झाली लग्नाला, अजून लोली. ओहायोची जीभ, वळतच नाही."

केंड्रा हसली. म्हणाली, पण ते काय, अंघोळ आहे नुसती, शिकवणं थोडंच आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मार्लिस स्वतः पाळण्यात असल्यापासून दर शनिवारी सौनेत बसत आली होती. लोकांच्या घरामागची ती खोली तिनं हजारदा बघितली होती, गाडी तिच्याच भिंतीला लावून ती पिशवी उतरवत होती. आणि पोरांना बोलतं करायला अस्वल आणत होती, टाळ्या वाजवणारं.

शनिवारी काम करायचं तर ब्रियाची परवानगी लागणार होती. मार्लिसनं फोन केला. ब्रियानं ऐकून घेतलं, हो म्हणाली, आणि शेवटी हळूच विचारलं, "आणि पिशवी?" मार्लिस म्हणाली, "गाडीत." फोन ठेवल्यावर तिनं एक सणसणीत शिवी हासडली, पण ती ब्रियाला नव्हती.

एक अडचण होती. सौनेत कपडे घालून कुणी बसत नाही, आणि ऑफिसच्या बाईनं कपडे काढून लोकांच्या घरच्यांबरोबर बसावं हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं, आणि मार्लिसलाही ते बरं दिसलं नसतं. म्हणजे तिनं बसायचं बाहेरच्या खोलीत, कपडे टांगायच्या खुंट्यांखालच्या फळीवर. मधे जाड लाकडी दार. तिला आतलं दिसणार नव्हतं, हात लावता येणार नव्हता, फक्त ऐकू येणार होतं. आपल्याशिवाय काही होणार असेल तर ते असंच होईल, हे तिला कळत होतं. आवडत अजिबात नव्हतं.

तिनं केंड्राला सगळं दोनदा समजावलं. आधी नेहमीसारखं पाणी टाक, म्हण तुझं ते लोली, वाफ येऊ दे. मग पळी भरून धर आणि थांब. 'पाहिजे का' विचारू नकोस. 'बोल, बोल' म्हणू नकोस. तिच्याकडे बघ आणि थांब. आता फार झालं असं वाटेल, त्यानंतरही थांब.

पहिल्या शनिवारी मार्लिस अंगात कोट घालून बाहेर बसली. आतून दगडांचा चर्र आवाज आला. टिली हसली. मार्लिसनं कान टवकारले. आणि लगेच पुन्हा चर्र. पुन्हा चर्र. तिनं कपाळाला हात लावला. दोघी बाहेर आल्या, तेव्हा केंड्रा म्हणाली, थांबले होते की मी. मार्लिस म्हणाली, बाई, मी श्वास घेतला तो सोडायच्या आत तुझं पाणी पडलं होतं.

दुसऱ्या शनिवारी केंड्रा थांबली. फार चांगली थांबली. इतकी, की आत टिलीचा सूर लागला, मग रडणं, मग तो टाहो. मार्लिस उठून दारापाशी गेली. कडीवर हात ठेवला. आत गेली असती तर दोन मिनिटांत पोरीला शांत केलं असतं तिनं, तेवढी विद्या तिच्याकडे होती. पण ती परत फळीवर येऊन बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. शेवटी केंड्रानं पाणी टाकलं आणि रडणं थांबलं.

बाहेर आली ती केंड्रा लालबुंद. वाफेनं नव्हे. टिलीला टॉवेलात गुंडाळून तिनं रेनोच्या हाती घराकडे धाडलं आणि मग तिचा बांध फुटला. "तुम्ही दाराबाहेर बसून थांब म्हणता. आत ती माझ्याकडे पाठ करून रडते. दगडांकडे बघून रडते. माझ्याकडे मागायचं तिच्या मनातसुद्धा येत नाही. तिला मी नकोच आहे, मिस मार्लिस. पाणी टाकायला कुणीतरी हवं असतं, ती मी."

मार्लिस तिच्याशेजारी बसली. इतकी वर्षं आयांना धीर द्यायची वाक्यं तिच्या जिभेवर होती, पण त्यातलं एकही तिला बोलवेना.

"तू माझ्याहून लवकर शिकतेस," ती म्हणाली. "तुला खुर्चीत मी बसवलं. तिनं मागावं आणि मी द्यावं, असं मी अख्खा हिवाळा तिला शिकवलं. तुझ्याकडे मागायचं असतं हे तिला कुणी दाखवलंच नाही, तर तिला कसं कळावं? तू नकोशी नाहीस. तुझा नंबरच लागू दिला नाही मी."

केंड्रानं नाक पुसलं. मग केंड्रानंच विचारलं, पुढे काय?

मार्लिसनं सांगितलं, की पुढच्या वेळी पळीभर टाकू नकोस. चार थेंब टाक. वाफ आली न आली एवढीच येऊ दे. पोट भरलं तर माणूस वाढ म्हणेल कशाला? आणि तिच्याशेजारी बसू नकोस, दगडांच्या बाजूला बस. दगडांकडे बघितलं की तू दिसली पाहिजेस.

एप्रिल लागला होता. छपरांवरून पाणी ठिबकायला लागलं तरी झाडीत गुडघाभर बर्फ होतंच. टिलीचा वाढदिवस मंगळवारी. शाळेच्या वर्गात तिचं नाव लागलं होतं, बस ठरली होती, आणि मार्लिसचा या घरातला हा शेवटचा शनिवार होता. ती येऊन फळीवर बसली. गाडीतून उतरताना पिशवीकडे बघायचं नाही असं ठरवून ती बघून आलीच होती. केंड्रा टिलीला घेऊन आत गेली. जाताना काही बोलली नाही, मार्लिसनंही काही सांगितलं नाही. दोघींना पाठ झालं होतं.

आत थेंब पडले. छोटासा चुरचुर आवाज. केंड्राचा आवाज आला, "लोली." टिली हसली, पण अर्धंच. पुन्हा थेंब, पुन्हा तेवढंच. असं काही वेळ चाललं. मग शांतता झाली.

तेवढ्यात बाहेरचं दार उघडून रेनो कवेत लाकडं घेऊन आत आला. मार्लिसनं बोट ओठांवर ठेवलं. म्हातारा जागच्या जागी उभा राहिला, लाकडं छातीशी धरून. खाली ठेवायची तर आवाज होणार.

आत कुणी हलत नव्हतं. टिलीनं कुरकुर केली. मार्लिसनं मनात म्हटलं, टाकू नकोस. कुरकुर वाढली, मग कमी झाली. केंड्रा आत आहे ना, अशी शंका यावी इतकी शांतता झाली. मार्लिसचे हात मांड्यांखाली बधिर झाले होते. रेनोचे दंड थरथरत होते आणि एक ढलपी निसटायच्या बेतात होती. इतका वेळ कुठल्याही मुलासाठी आपण कधी थांबलो का, असं मार्लिसला वाटून गेलं. थांबली नसावी. तिच्या पिशवीत नेहमी दुसरं काहीतरी असायचं.

आणि आतून आवाज आला. बारीक, जरासा घोगरा, वापरात नसलेला.

"लोली."

चर्रर्र झालं. या वेळी पळीभर पाणी पडलं असणार. टिली खदखदा हसली. मार्लिस उभी राहिली. कडी हाताच्या अंतरावर होती. गेली तीस-बत्तीस वर्षं पोरांनी पहिला शब्द उच्चारला तो तिच्या तोंडाकडे बघून. त्या वेळी ते डोळे कसे होतात हे तिला माहीत होतं, आणि त्या डोळ्यांसाठीच ती बर्फातून गाडी हाकत आली होती, पगारासाठी नव्हे. आत तेच डोळे होते आणि तिला दिसत नव्हते. तिचा जीव तुटत होता, आणि त्याच वेळी तिला इतकं बरं वाटत होतं की हसू आवरेना. ती परत खाली बसली.

मी शिकवला असता तर तो शब्द 'अजून' असता, तिच्या मनात आलं. हा तिनं कधी शिकवलाच नव्हता.

"लॉयलू आहे ते," रेनो लाकडांआडून कुजबुजला. त्याचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "आईसारखंच चुकीचं म्हणते."

मार्लिस म्हणाली, "ऐकत होती म्हणजे. इतके शनिवार."

आत पुन्हा शांतता झाली होती. पण या वेळी ती फार टिकली नाही. पुन्हा तो घोगरा आवाज आला, आधीपेक्षा मोठा, जरा हुकमीच. आणि पाठोपाठ केंड्राचा, रडतेय की हसतेय ते कळू न देणारा.

"मिस मार्लिस, ऐकलंत ना? दगडांकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली. आता परत बघतेय, माझा हात धरलाय तिनं. देऊ का पाणी? की थांबू? काय करू सांगा."

मार्लिस दाराजवळ गेली. ओल्या, गरम लाकडावर तिनं तळवा टेकला.

"मला काय विचारतेस?" ती म्हणाली. "तुझ्याकडे मागितलंय."

आत पाणी पडलं, आणि रेनोनं लाकडं खाली ठेवली.